छोट्या मोटारीचीं दुखणीं आणि त्यांचा खर्च

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारें पन्नास किलोमीटर गेलें म्हणजे रांजणगांव लागतें. महागणपतीचें हें स्थान अष्टविनायकांपैकीं एक असल्यामुळें यात्रेच्या निमित्तानें तेथें गेला नाहीं असा पुणेकर विरळा. परंतु ह्या गांवाची आणखीहि एक ओळख आहे. गांवाजवळच औद्योगिक वसाहत पसरलेली असून तिच्यांत मोटारींचा एक मोठा कारखाना आहे. इटलीची फियाट व आपल्याकडील टाटा ह्या दोन कंपन्यांनीं भागीदारीनें तो चालविला. आणि २००९ च्या जून महिन्यांत 'ग्रँड पुंटो' नांवाची छोटी मोटार ह्याच कारखान्यांतून बाजारांत आली.

फियाट हें नांव महाराष्ट्राला नवें नव्हतें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटच्या नमुन्यावर गाड्या बनविल्या, व त्यांतलीच 'पद्मिनी' पुढें मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून सर्वांच्या परिचयाची झाली. त्या जुन्या गाडीचें बॉनेट उघडून मालक स्वतः प्लग पुसून पुन्हां बसवीत असे. पुंटोची जात निराळी. तिला मागें वेगळी डिकी नाहीं. कांचेसकट वर उचललें जाणारें पांचवें दार आहे. ह्या बांध्याच्या गाडीस हॅचबॅक म्हणतात. अंगानें ती लहान, परंतु वजनानें ११०० किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक, आणि तिच्या इंजिनापासून दिव्यांपर्यंत सर्व कारभार विजेच्या लहानशा संगणकांच्या हातीं असतो.

२०१४ सालीं तिचें रूप बदलून 'पुंटो ईव्हो' आली. आणि १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे भारत-सहा हे कडक नियम लागू व्हावयाच्या आधींच, २०१९ सालीं, फियाटनें आपल्या नांवाच्या गाड्या येथें विकणें आवरतें घेतलें. रांजणगांवचा कारखाना कांहीं बंद पडला नाहीं; तेथें २०१७ पासून जीप गाड्या निघूं लागल्या आणि टाटांची नेक्सॉनहि तेथेंच बनते. पण पुंटो मात्र पोरकी झाली. आज ती अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारांत उभी आहे, तर कांहींच्या दारांत जुन्या बाजारांतून स्वस्तांत येऊं पाहत आहे.

अशा गाडीचा मालक दोन प्रकारांनीं फसतो. एक तर मिस्त्री म्हणेल तो भाग बदलीत जातो व वर्षाअखेर गाडीच्या किंमतीइतकी रक्कम गॅरेजांत ओततो. किंवा पहिलें मोठें बिल पाहून घाबरतो व आणखी पांच वर्षें सुखानें चालली असती अशी गाडी कवडीमोलानें विकून टाकतो. ह्याहून वाईट असा तिसराहि प्रकार आहे : खर्च वांचविण्यासाठीं ब्रेक व टायर ह्यांकडे दुर्लक्ष करून त्याच गाडींत बायकामुलांना बसवून प्रवासास निघणें. म्हणून ह्या गाडीस काय काय होतें, तें कां होतें, आणि त्यास साधारण किती पैसे पडतात, ह्याचा आज आपण विचार करूं. जे आंकडे मी सांगणार आहें ते खाजगी गॅरेजांतील साधारण मानाचे समजावे. शहर, गाडीची जात आणि भाग अस्सल कीं पर्यायी, ह्यांवर ते कमीजास्त होतात.

पोरक्या गाडीविषयीं पहिली शंका असते ती सुट्या भागांची. ह्या भागांचे मनाशीं तीन वर्ग करावे. पहिला वर्ग इंजिनाच्या भागांचा. पुंटोचें डिझेल इंजिन, मल्टिजेट, १२४८ घनसेंटिमीटरचें आहे. हेंच इंजिन मारुतीनें परवान्यानें बनवून स्विफ्ट, डिझायर इत्यादि गाड्यांत बसविलें. टाटांनीं तें इंडिका व्हिस्टा व मांझा ह्या गाड्यांत घातलें. इतक्या गाड्यांत तें गेलें कीं मोटारविषयक लेखक त्याला थट्टेनें राष्ट्रीय इंजिन म्हणूं लागले. तेव्हां ह्या इंजिनाचा जाणता मिस्त्री तालुक्याच्या गांवींहि भेटतो व त्याचे बहुतेक भागहि मिळतात. दुसरा वर्ग झिजणाऱ्या सामान्य वस्तूंचा : ब्रेकचे पॅड, टायर, बॅटरी, तेल, गाळण्या. ह्यांची टंचाई नाहीं. तिसरा वर्ग त्याच गाडीच्या अंगच्या भागांचा : पुढचे दिवे, बंपर, आरसे, मागील दाराची कांच, डॅशबोर्ड. अडचण येते ती येथें. एखादा दिवा फुटला तर कधीं आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते, आणि मग पुण्यामुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारांत शोध घ्यावा लागतो. ह्याचा व्यवहारी अर्थ असा कीं, ही गाडी जपावयाची ती इंजिनाहूनहि अधिक धक्क्यांपासून.

आतां एकेक दुखणें घेऊं. सर्वांत आधीं तक्रार येते ती खालून. लहानशा गतिरोधकावरून जातां पुढच्या चाकाकडून 'टक् टक्' असा आवाज येऊं लागतो. पुढचें प्रत्येक चाक लोअर आर्म नांवाच्या लोखंडी हातानें गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असतें, आणि धातूवर धातु आपटूं नये म्हणून सांध्यांत रबराचे बुश बसविलेले असतात. आपल्या रस्त्यांवर हें रबर चिरतें. त्याच्या जोडीला लिंक रॉड म्हणून एक बारीक दांडी असते, तिचे गोळे झिजतात. आवाज दोहोंचा सारखाच. खर्चांत मात्र मोठा फरक. लिंक रॉडची जोडी हजार-दोन हजारांत बदलते; दोन्ही लोअर आर्म नवे घालावयाचे तर मजुरीसह ५,००० ते ९,००० रुपये पडतात; आणि शॉकॲब्सॉर्बरच गेले असतील तर पुढच्या जोडीस १०,००० च्या वर जातात. म्हणून आवाज आला कीं 'सस्पेन्शन करून टाका' असें मोघम सांगूं नये. गाडी वर उचलून, पहारीनें एकेक सांधा हलवून, दोष कोणता तो आपल्या डोळ्यांदेखत दाखवावयास सांगावें. काम झाल्यावर चाकांचें अलाइनमेंट करून घेण्यास विसरूं नये. नाहीं तर नवे टायर एका कडेनें कांहीं महिन्यांतच खाल्ले जातात.

दुसरें दुखणें क्लचचें. इंजिनाची फिरती शक्ति गिअरपेटीकडे नेणारी व हवी तेव्हां तोडणारी ही तबकडी आहे. ती घर्षणानें काम करते व घर्षणानेंच झिजते. खराडी-वाघोलीच्या गर्दींत तासभर पुढेंमागें करणारा चालक पाय क्लचवर अर्धा ठेवून बसतो, तेव्हां ती तबकडी सारखी घासत असते. झिजल्याची खूण अशी : वरच्या गिअरांत चढावर ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानानें पळत नाहीं. असें झालें तर प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग हा सारा संच एकदम बदलावा. कारण खर्चाचा मोठा वांटा गिअरपेटी उतरविण्याच्या मजुरींत जातो, आणि हजार रुपयांच्या बेअरिंगसाठीं ती पुन्हां उतरवावी लागणें ह्यासारखी उधळपट्टी नाहीं. एकंदर खर्च १०,००० ते १८,००० रुपये. मात्र पेडल एकाएकीं मऊ पडून खालींच राहिलें, तर दोष तबकडीचा नसून द्रवाच्या नळींत वा सिलिंडरांत गळती असण्याचा संभव अधिक. हा निराळा रोग आहे व त्याचें औषध बहुधा स्वस्त आहे.

डिझेल इंजिनाची प्रकृति मुळांत दणकट आहे. तें बिघडतें तें बहुतेक आपल्या सवयींनीं. ह्यांत तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली काजळी. धूर कमी विषारी व्हावा म्हणून जळलेल्या वायूचा कांहीं भाग ईजीआर नांवाच्या झडपेंतून पुन्हां इंजिनांत सोडतात. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणारें इंजिन पुरतें तापतच नाहीं. मग ती झडप काजळीनें चोंदते, गाडी सुस्त होते, काळा धूर येतो व समोर पिवळा दिवा लागतो. पुष्कळदां झडप काढून साफ केल्यानें भागतें. तें काम १,५०० ते ४,००० रुपयांचें आहे. नवी झडप बसविण्याचा सल्ला त्यानंतर ऐकावा. आठवड्यांतून एकदां मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी नेणें हा ह्यावरचा बिनखर्ची उपाय होय.

दुसरी गोष्ट तेल. ह्या इंजिनांत सुमारें तीन लिटरच तेल असतें, आणि तेंच तेल टर्बोच्या अतिवेगानें फिरणाऱ्या दांड्यास व टायमिंग साखळीच्या ताणास उपयोगी पडतें. तेल जुनें होऊन घट्ट झालें, किंवा पातळी खालीं गेली, तर प्रथम हीं दोन ठिकाणें मरतात. सकाळीं गार इंजिन सुरू करतांना कांहीं क्षण साखळीचा खडखडाट ऐकूं आला तर तो ऐकून सोडूं नये. योग्य जातीचें तेल व गाळणी बदलण्यास ३,००० ते ५,००० रुपये लागतात. टर्बोची दुरुस्ती १५,००० पासून पुढें कोठेंहि जाते. गाडी जुनी झाली असेल, किंवा गर्दींतच फार चालत असेल, तर पुस्तकांत सांगितलेल्या अंतराच्या आधींच तेल बदलण्यांत शहाणपणा आहे. घाट चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन मंद चालूं देऊन मग बंद करावें, म्हणजे तापलेल्या टर्बोस तेल मिळत राहतें. तिसरी गोष्ट डिझेलमधील पाणी. इंधनाची गाळणी वेळेवर न बदलल्यास हें पाणी इंजेक्टरपर्यंत पोंचतें, आणि इंजेक्टर हा भाग एकेकटा हजारोंचा आहे.

पेट्रोलच्या पुंटोंत साखळीच्या जागीं रबराचा दंतुर पट्टा आहे. येथें सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यानें सावध असावें. मल्टिजेटला साखळी आहे म्हणून पेट्रोलच्या गाडीलाहि तीच असेल असें विकणारा सांगतो, व घेणारा विश्वास ठेवतो. रबर हें चालण्यानेंच नव्हे तर वयानेंहि कुजतें. गाडी थोडी चालली आहे ही त्याची सबब होत नाहीं. पट्टा केव्हां बदलला ह्याचा लेखी पुरावा नसेल तर बदललाच नाहीं असें धरून, पट्टा व त्याचा ताणक दोन्ही नवे घालून घ्यावे. ४,००० ते ८,००० रुपयांचें हें काम आहे. पट्टा चालत्या गाडींत तुटला तर वाटेंत खोळंबा ठरलेलाच, आणि इंजिनाचेंहि मोठें नुकसान होऊं शकतें.

तापमानाविषयीं थोडक्यांत सांगतों. रेडिएटरांत नुसतें नळाचें पाणी भरणें ही जुन्या गाड्यांची रीत येथें घातक आहे. क्षारांनीं नळ्या चोंदतात व धातु गंजतो. कूलंट व शुद्ध पाणी ह्यांचें मिश्रणच घालावें. टाकींतील पातळी वरचेवर उतरत असेल तर गळती कोठें तरी आहेच. रस्त्यांत तापमानाचा कांटा चढला तर गाडी तत्काळ बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, आणि गरम असतांना टाकीचें झांकण कदापि उघडूं नये. 'पुढच्या गांवापर्यंत नेऊं' ह्या एका विचारानें तीनशें रुपयांच्या नळीचें काम हेड गॅस्केटवर जातें, व बिल २०,००० च्या घरांत पोंचतें.

आतां ज्यावर जिवाचा हवाला आहे त्या भागांकडे वळूं. पुढच्या ब्रेकचे पॅड २,००० ते ४,००० रुपयांत बदलतात. ब्रेकचा द्रव हवेंतील दमटपणा शोषून घेतो. मग उतारावर ब्रेक तापले कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात व पेडल पोकळ लागतें. म्हणून दर दोन वर्षांनीं तो बदलावा. खर्च हजाराच्या आसपासच आहे. टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणजे टायर चांगला असें नव्हे. त्याच्या कुशीवर चार आंकडे कोरलेले असतात. ते '२३१९' असे असतील तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झाला असें समजावें. सहा-सात वर्षांचा टायर, कमी चालला असला तरी, उन्हाळ्यांत हमरस्त्यावर नेऊं नये. चार टायरांस १८,००० ते २६,००० रुपये लागतात. घरखर्चांत ही रक्कम जड आहे हें खरें. परंतु गाडीवरच्या सर्व खर्चांत पुढें ढकलूं नये असा हाच खर्च आहे.

विजेच्या बाबतींत एक गोष्ट सांगितली पाहिजे. बॅटरी थकली म्हणजे संगणक गोंधळतात आणि समोर एकापाठोपाठ एक दिवे लागूं लागतात. अशा वेळीं घाबरून महागडे भाग बदलण्यापूर्वीं बॅटरी व तिची जमिनीस जोडणारी तार तपासावी. त्याचप्रमाणें एअरबॅगचा दिवा पुष्कळदां आसनाखालील वायरीचा जोड सैल झाल्यामुळें लागतो. म्हणून तो दिवा काढून टाकणें किंवा झांकणें हा मार्ग नव्हे. जुनी गाडी विकतांना असें करणारेहि लोक आहेत. किल्ली फिरवितांच तो दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. मुळींच लागत नसेल तर ती गाडी विकत घेऊं नये.

पावसाळ्याविषयींहि सावधगिरीची एक सूचना. गाडी पाण्यांत उभी असतां इंजिनांत पाणी शिरलें असेल, तर ती सुरू करण्याचा मोह आवरावा. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. किल्ली फिरवितांच कनेक्टिंग रॉड वांकतो. हें नुकसान साध्या विम्यांत बहुधा धरीत नाहींत. इंजिनासाठीं विम्याची वेगळी जोड घ्यावी लागते. सुरू न करतां गाडी ओढून नेली तर तेल व गाळण्या बदलून ती पुष्कळदां वांचते.

येथवर रोग पाहिले. आतां वैद्याचें बिल पाहूं. कोणत्याहि बिलांत तीन रकमा असतात : भाग, मजुरी व कर. मजुरीवर १८ टक्के वस्तु व सेवा कर असतो. काम सुरू होण्यापूर्वीं अंदाजपत्रक लेखी मागावें. भाग अस्सल, पर्यायी कीं जुना हें त्यावर लिहून घ्यावें. आणि काढलेले जुने भाग परत मागावे. ह्या तीन मागण्या सौजन्यानें पण नेमानें करणाऱ्या गिऱ्हाइकाशीं गॅरेजवालाहि जपून वागतो. एका वहींत तारीख, किलोमीटर, काम व रक्कम अशा चार रकान्यांत नोंद ठेवावी. गाडी विकण्याच्या वेळीं ही वही बोलघेवड्या दलालाहून अधिक किंमत मिळवून देते.

शेवटीं मुख्य प्रश्न. गाडी ठेवावी कीं काढावी ? पुष्कळ लोक दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किंमतीशीं करतात. दीड लाखाच्या गाडीवर ४०,००० कसे घालावे, असें ते म्हणतात. ही तुलनाच चुकीची आहे. तुलना करावयाची ती ह्या गाडीऐवजीं जें घ्यावें लागेल त्याच्या वार्षिक खर्चाशीं. समजा, नव्या गाडीसाठीं आठ लाख रुपयांचें कर्ज काढलें व व्याजाचा दर ९ टक्के आहे. तर पहिल्या वर्षाचें नुसतें व्याजच ७०,००० च्या आसपास जातें, आणि नव्या गाडीची किंमत उतरते ती वेगळीच. उलट ४०,००० च्या दुरुस्तीनें जुनी गाडी तीन वर्षें नीट चालली, तर वर्षाला तेरा-चौदा हजारच पडले. ह्यांत नेहमींचें तेलपाणी व विमा मिळवला तरी हिशेब जुन्या गाडीच्याच बाजूनें राहतो.

परंतु ह्या हिशेबास मर्यादा आहेत, आणि त्या पैशांनीं मोजावयाच्या नाहींत. सांगाड्यास गंज लागला असेल, मोठ्या अपघातानंतर गाडी ठोकून सरळ केली असेल, स्टिअरिंग, ब्रेक किंवा एअरबॅग ह्यांचा भाग खात्रीचा मिळत नसेल, तर ती गाडी कितीहि लाडकी असली तरी मोडींत काढावी. शिवाय पंधरा वर्षें पुरीं होतांच नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. त्यासाठीं गाडीची तपासणी होते, व महाराष्ट्रांत पर्यावरण करहि भरावा लागतो. २००९-१० सालच्या पुंटोंनीं हा उंबरठा गांठला वा ओलांडला आहे. जुन्या बाजारांत अशी गाडी विशेष स्वस्त दिसली तर त्या स्वस्ताईंत हा खर्च मिळवून मगच सौदा करावा, आणि सौद्यापूर्वीं आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीकडून ती वर उचलून तपासून घ्यावी. त्या तपासणीचे हजार रुपये हा ह्या सर्व व्यवहारांतील सर्वांत सार्थकीं लागणारा खर्च होय.

तात्पर्य, गाडीचा कारखानदार गेला म्हणून गाडी मरत नाहीं. तिच्या दुखण्याची भाषा मालकाला कळेनाशी झाली म्हणजे मरते. आवाज कोठून येतो, दिवा केव्हां लागतो, पातळी किती उतरते, एवढें ज्याला ऐकतां व पाहतां येतें, त्याला मिस्त्री व्हावें लागत नाहीं. मिस्त्रीशीं बरोबरीनें बोलतां येतें. येत्या रविवारीं दहा मिनिटें काढून तेलाची पट्टी, कूलंटची टाकी व टायरांवरील चार आंकडे एवढें तरी आपण सर्वांनीं पाहून घ्यावें, इतकी विनंती आहे.